'पर्यंत' म्हणजे टिल की बाय? इंग्रजीतल्या बारक्या शब्दांचा धागा

शब्दयोगी (धागाकर्ता)

मेलमध्ये स्पेलिंग चुकलं तर मशीन लाल रेघ मारतं. इन, बाय, सिन्स, अनटिल, ऑलदो असले बारके शब्द चुकले तर बऱ्याचदा रेघही येत नाही आणि वाचणारा मात्र भलताच अर्थ घेतो. म्हणून हा धागा.

मराठीत हे काम विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं करतात, तीही नामाला मागून चिकटून. इंग्रजीत तो शब्द सुटा होऊन नामाच्या आधी येतो. जागेचा हा बदल कोणाला जड जात नाही. 'टेबलावर'चं 'ऑन द टेबल' सातवीतली पोरंही करतात. गोंधळ होतो तो वाटणीत. मराठीचा एकच प्रत्यय इंग्रजीत दोन-तीन शब्दांत फुटतो, आणि कुठे कोणता हे मराठी कान सांगू शकत नाही.

'पर्यंत' घ्या. 'शुक्रवारपर्यंत फॉर्म भरा' आणि 'शुक्रवारपर्यंत ऑफिस बंद आहे'. पहिल्यात मुदतीच्या आत एकदाच करायचं काम आहे, तिथे 'बाय फ्रायडे'. दुसऱ्यात एक स्थिती शुक्रवार येईतो चालू राहते, तिथे 'टिल' किंवा 'अनटिल फ्रायडे'. 'सबमिट द फॉर्म टिल फ्रायडे' याचा अर्थ शुक्रवार उजाडेपर्यंत फॉर्म भरतच बसा, असा होतो. शंका आली तर मराठी वाक्यात 'सतत' घालून बघायचं. 'शुक्रवारपर्यंत ऑफिस सतत बंद' चालतं, म्हणून टिल. 'शुक्रवारपर्यंत सतत फॉर्म भरा' ऐकून हसू येतं, म्हणून बाय.

नकार आला की दोन्ही चालतात, पण अर्थ बदलतो. 'यू वोन्ट गेट द मनी अनटिल फ्रायडे' म्हणजे पैसे शुक्रवारी मिळतील, त्याआधी नाही. 'यू वोन्ट गेट द मनी बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवार उलटला तरी पैसे आलेले नसतील. हिशेबाच्या मेलमध्ये हा फरक महागात पडतो. मुदतीबद्दल आणखी एक: 'बाय १० मार्च'मध्ये दहा तारीख धरलेली असते, 'बिफोर १० मार्च'मध्ये नसते.

'पासून'चे तीन तुकडे. ठरावीक क्षण किंवा तारीख असेल तर सिन्स: 'सिन्स मंडे', 'सिन्स २०१९'. कालावधीची लांबी असेल तर फॉर: 'फॉर टू इयर्स'. पुढे सुरू होणार असेल तर फ्रॉम: 'फ्रॉम टुमॉरो'. 'सिन्स टू इयर्स' चुकतं ते मराठी 'दोन वर्षांपासून' आणि 'सोमवारपासून' यांत फरकच करत नाही म्हणून. 'सिन्स लास्ट टू इयर्स' हेही तसलंच, तिथे 'फॉर द लास्ट टू इयर्स'. शिवाय सुरू झालेलं अजून चालू असेल तर 'आय ॲम वर्किंग' चालत नाही, 'आय हॅव बीन वर्किंग' लागतं.

बाकीच्या प्रत्ययांची भर घाला.

मुद्रितशोधक

चांगला धागा. 'त' मी घेतो, कारण तो जास्त फसवतो.

'दोन तासांत रिपोर्ट पाठवतो' याचा आपला अर्थ दोन तास भरायच्या आत. इंग्रजीत 'आय विल सेंड इट इन टू अवर्स' म्हणजे आतापासून दोन तासांनी. आत पाठवायचा असेल तर 'विदिन टू अवर्स'. उलट 'दोन तासांनी' म्हणायचं असलं की आपल्याकडे 'आफ्टर टू अवर्स' लिहितात. आत्तापासून पुढे मोजताना तिथे 'इन'च हवं. 'आफ्टर' येतं ते दुसऱ्या एखाद्या घटनेपासून मोजताना किंवा भूतकाळात: 'ही केम बॅक आफ्टर टू अवर्स'. पण काम किती वेळात संपलं ते सांगताना मराठी 'त' आणि इंग्रजी 'इन' जुळतात: 'आय रेड इट इन टू अवर्स', दोन तासांत वाचून झालं.

'ने'ची वाटणी सोपी. सुरीने कापलं ते 'विथ अ नाइफ', बसने आलो ते 'बाय बस'. पण 'बाय'नंतर वाहन एकटंच लागतं. 'माय', 'अ', 'द' काहीही आलं की 'बाय' निघतं: 'बाय कार' ठीक, 'बाय माय कार' नाही, 'इन माय कार'.

'ला' सगळ्यात खट्याळ. 'मला सांगितलं' म्हणजे 'टोल्ड मी', मध्ये काही नाही. 'मला म्हणाला' म्हणजे 'सेड टू मी'. 'मला समजावून सांगा' म्हणजे 'एक्सप्लेन इट टू मी'. 'एक्सप्लेन मी' लिहिलं तर 'माझं स्पष्टीकरण द्या' असं काहीतरी होतं. इथे प्रत्ययावरून काहीच कळत नाही, क्रियापद काय मागतं ते पाठ असावं लागतं.

आणि लास्ट, नेक्स्ट, धिस, एव्हरी या चौघांपुढे काळाचा ऑन-इन-ॲट येत नाही. 'ऑन नेक्स्ट मंडे', 'इन लास्ट वीक' हे बाद.

आडवातिडवा

क्रियापदाचा विषय निघालाच आहे तर 'डिस्कस अबाउट'ची सगळी जमात एकदम घेऊ. डिस्कस अबाउट, एम्फसाइझ ऑन, रिक्वेस्ट फॉर, ऑर्डर फॉर, आन्सर टू, मॅरी विथ, रिझेम्बल टू, कॉन्टॅक्ट टू. ही सगळी सकर्मक क्रियापदं, कर्म थेट घेतात. मग तो शेपटीचा शब्द येतो कुठून? अर्धा मराठीतून ('विषयावर चर्चा', 'मुद्द्यावर भर'), आणि अर्धा इंग्रजीतल्याच नामातून. 'डिस्कशन अबाउट' बरोबर, 'एम्फसिस ऑन' बरोबर, 'अ रिक्वेस्ट फॉर', 'द आन्सर टू', 'मॅरेज टू' सगळं बरोबर. नामाला शेपूट लागतं, त्याच अर्थाच्या क्रियापदाला लागत नाही. एवढं लक्षात ठेवलं की निम्म्याहून जास्त चुका जातात.

दोन ठिकाणी मात्र सांभाळा. खोलीत शिरलो ते 'एन्टर्ड द रूम', पण करार केला ते 'एन्टर्ड इन्टू ॲन ॲग्रीमेंट'. मीटिंगला हजर राहणं 'अटेंड', तक्रारीकडे लक्ष देणं 'अटेंड टू'. तिथला टू उडवला की अर्थ जातो.

'डिस्पाइट ऑफ' ही 'इन स्पाइट ऑफ'ची नक्कल आणि 'कोप अप विथ' ही 'कीप अप विथ'ची. दोन्ही चूक. डिस्पाइटला ऑफ नाही, कोपला अप नाही.

कोपऱ्यातला_दिवा

आडवातिडवा, 'डिस्कस अबाउट'ला चूक का म्हणायचं? भारतात लाखो लोक म्हणतात, ऐकणाऱ्याला कळतं. भारतीय इंग्रजीचं वैशिष्ट्य म्हणा की.

आडवातिडवा

बोलताना म्हणा, कोणी अडवत नाही. पण आयइएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा परीक्षक तो भारतीय प्रयोग म्हणून सोडून देत नाही, आणि क्लायंटला जाणाऱ्या प्रस्तावात तो खटकतो. शिवाय 'डिस्कस अबाउट'ने अर्थ बिघडत नाही, 'बाय'च्या जागी 'टिल' लिहिल्याने बिघडतो. दोन्हींना एका मापाने मोजू नये एवढं मान्य. आधी अर्थ बिघडवणाऱ्या चुका काढा, मग शोभेच्या.

नीरक्षीर

उभयान्वयी अव्ययांकडे कोणी वळलंच नाही अजून. तिथे उलटा प्रकार आहे. मराठी जोडीने काम करते, इंग्रजी एकट्याने.

'जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो.' मराठीत 'जरी' गाळला तरी चालेल, 'तरी' गाळवत नाही. म्हणून 'ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट'. इंग्रजीत दोन उपवाक्यांना एकच सांधा लागतो: ऑलदो ठेवा किंवा बट ठेवा. 'बिकॉज... सो' आणि 'ॲज... देअरफोर' यांनाही हेच लागू. 'इफ... देन' मात्र चालतं, कारण देन हे तिथे क्रियाविशेषण आहे. ऑलदोसोबत 'स्टिल' किंवा 'येट' आलेलंही चालून जातं, 'बट' नाही.

अनटिलमध्ये आणखी खोल खड्डा आहे. 'जोपर्यंत तू येत नाहीस तोपर्यंत मी थांबतो.' मराठीत नकार लागतोच. त्याचं 'आय विल वेट अनटिल यू डोन्ट कम' होतं आणि अर्थ उलटतो. बरोबर वाक्य 'अनटिल यू कम'. अनटिलमध्ये 'अजून झालेलं नाही' हे आधीच भरलेलं आहे. अनलेसचंही तेच: 'अनलेस यू डोन्ट पे' म्हणजे 'तुम्ही पैसे भरले तर'. नोटिशीत असं वाक्य गेलं तर प्रामाणिकपणे पैसे भरणाऱ्यावरच कारवाई होईल.

'की'चीही गंमत आहे. 'त्याने विचारलं की तू कुठे चाललास' यातला 'की' जशाच्या तसा नेला की 'ही आस्क्ड दॅट व्हेअर आर यू गोइंग'. इंग्रजीत प्रश्नवाचक शब्द स्वतःच सांधा होतो, दॅट लागत नाही. आणि आतल्या प्रश्नाचा क्रम सरळ होतो: 'ही आस्क्ड व्हेअर आय वॉज गोइंग'. हो-नाहीचा प्रश्न असेल तर दॅटच्या जागी 'इफ' किंवा 'व्हेदर'. 'ऑर नॉट' लगेच जोडायचं असेल तर व्हेदरच: 'व्हेदर ऑर नॉट' होतं, 'इफ ऑर नॉट' होत नाही.

नकारातला 'आणि' जपून. 'आय डोन्ट ड्रिंक टी अँड कॉफी' ऐकून समोरचा 'मग काय, एकत्र मिसळून पीत नाहीस का' असं विचारू शकतो. दोन्ही नको असेल तर 'टी ऑर कॉफी'.

बारावी_कॉमर्स

दोन प्रश्न. (१) पेपरला 'नो सूनर'चं वाक्य येतं त्यात व्हेन की दॅन? (२) बसमध्ये 'ऑन' आणि कारमध्ये 'इन' असं का?

मुद्रितशोधक

(१) 'नो सूनर... दॅन', 'हार्डली... व्हेन', 'स्केअर्सली... व्हेन'. सूनर हे तुलनेचं रूप, आणि तुलनेमागे दॅन येतो, म्हणून. तिन्ही वाक्याच्या सुरुवातीला आले की सहायक क्रियापद कर्त्याआधी जातं: 'नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉईज रॅन आउट'. 'डिड' आलं की पुढे 'रँग' नाही, 'रिंग'. गुण बहुतेक इथेच जातात. हार्डलीबरोबर सहसा 'हॅड': 'हार्डली हॅड द बेल रंग व्हेन...'.

याच ओघात: सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर यांच्यामागे दॅन नाही, टू. लॅटिनमधून आलेली तुलनेची रूपं आहेत ती. प्रिफरचंही तसंच, 'आय प्रिफर टी टू कॉफी'.

शब्दयोगी

(२) आत उभं राहून चालता-फिरता येतं त्या वाहनाला ऑन: बस, ट्रेन, विमान, जहाज. वाकून शिरून बसावं लागतं त्याला इन: कार, टॅक्सी, रिक्षा. ज्यावर टांग टाकून बसतो त्याला पुन्हा ऑन: सायकल, बाइक, घोडा. बस रिकामी उभी असेल आणि फक्त 'आतल्या जागे'बद्दल बोलायचं असेल तर 'इन द बस'ही ऐकू येतं, ते चूक नाही.

वेळेलाही तशाच पायऱ्या. घड्याळाचा बिंदू ॲट, वार-तारीख ऑन, महिना-वर्ष-ऋतू इन. सकाळ-दुपार-संध्याकाळ 'इन द मॉर्निंग' वगैरे, रात्र मात्र 'ॲट नाइट'. पण वार चिकटला की ऑन सगळ्यांना हरवतो: 'ऑन मंडे मॉर्निंग', 'ऑन द नाइट ऑफ द फिफ्थ'. 'ऑन टाइम' म्हणजे ठरल्या वेळेला, 'इन टाइम' म्हणजे उशीर व्हायच्या आत. गाडी ऑन टाइम सुटते, आपण ती पकडायला इन टाइम पोचतो.

टोरांटोची_थंडी

इथे उत्तर अमेरिकेत काही गोष्टी शाळेतल्या इंग्रजीपेक्षा वेगळ्या दिसतील, त्या चुका समजू नका. ब्रिटिश 'ॲट द वीकेंड', इकडे 'ऑन द वीकेंड'. ते आजाऱ्याला 'इन हॉस्पिटल' म्हणतात, अमेरिकन 'इन द हॉस्पिटल'. ते फॉर्म 'फिल इन' करतात, इकडे 'फिल आउट'. अमेरिकेत 'मंडे थ्रू फ्रायडे' म्हणजे शुक्रवार धरून. नुसत्या 'टू'पेक्षा हे स्पष्ट आहे, वेळापत्रकात वापरायला हरकत नाही. 'डिफरंट फ्रॉम' दोन्हीकडे चालतं, म्हणून परीक्षेला तेच. 'डिफरंट टू' ब्रिटिश बोलण्यातलं, 'डिफरंट दॅन' अमेरिकन.

'इन केस'वर एक ओळ. 'टेक ॲन अम्ब्रेला इन केस इट रेन्स' म्हणजे पाऊस आलाच तर असू दे म्हणून छत्री आत्ताच घ्या. 'इफ इट रेन्स' म्हणजे पाऊस आला तर घ्या. आपल्याकडचे मेल दोन्ही ठिकाणी 'इन केस' लिहितात: 'इन केस यू हॅव क्वेरीज, कॉल मी'. समोरचा समजून घेतो, पण सूचनापत्रकात इफ लिहा.

नीरक्षीर

'ऑर' आणि 'फॉर' या दोन शब्दांवर कोर्टात ५० लाख डॉलर ठरले, ते इथे आलं पाहिजे. अमेरिकेतल्या मेन राज्यातली ओकहर्स्ट डेअरी. राज्याच्या ओव्हरटाइम कायद्यात सूट असलेल्या, म्हणजे ज्यांना ओव्हरटाइम द्यावा लागत नाही अशा, कामांची यादी होती: कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोरिंग, 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन ऑफ' शेतमाल वगैरे. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नाही.

ओव्हरटाइम मागणारे डेअरीचे ड्रायव्हर माल पोचवतात, पॅक करत नाहीत. कंपनी म्हणाली, डिस्ट्रिब्यूशन हे वेगळं काम आहे, म्हणून यांना ओव्हरटाइम नाही. ड्रायव्हर म्हणाले, 'फॉर'चा अंमल शिपमेंट आणि डिस्ट्रिब्यूशन दोन्हींवर आहे. काम एकच, पॅकिंग. त्यांचा आधार व्याकरणाचा होता: यादीतली सगळी कामं 'इंग'ने संपतात, आणि शिपमेंट व डिस्ट्रिब्यूशन ही दोनच नामं वेगळ्या घडणीची, म्हणजे ती 'फॉर'चीच. कंपनीचा मुद्दाही पोकळ नव्हता: पॅकिंग हे शेवटचं काम असेल तर त्याच्या आधी एक 'ऑर' हवा होता, तो नाही. २०१७ च्या मार्चमध्ये अपील कोर्टाने वाक्य संदिग्ध ठरवून ड्रायव्हरांच्या बाजूने कौल दिला, २०१८ मध्ये ५० लाखांवर तडजोड झाली. नंतर विधिमंडळाने यादीत अर्धविराम घालून 'डिस्ट्रिब्यूटिंग' असं केलं.

सगळे याला 'ऑक्सफर्ड कॉमाची' (यादीतल्या शेवटच्या 'अँड' किंवा 'ऑर'आधीच्या स्वल्पविरामाची) केस म्हणतात. मला ती शब्दयोगी अव्ययाची केस वाटते. करार लिहिताना 'फॉर', 'ऑफ', 'विथ' यांच्यामागे 'अँड' किंवा 'ऑर' आलं की थांबून विचारायचं, अंमल कुठपर्यंत? शंका असेल तर तो शब्द पुन्हा लिहायचा: 'फॉर शिपमेंट ऑर फॉर डिस्ट्रिब्यूशन'. पुनरुक्ती दिसते, पण भांडण वाचतं.

कोपऱ्यातला_दिवा

वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको आणि सुरुवातीला अँड-बट नको, हे नियम खरे का?

नीरक्षीर

दोन्ही नाहीत. शेवटच्या प्रिपोझिशनवर इंग्रज कवी ड्रायडनने १६७२ मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या ओळींबद्दल नाक मुरडलं. १७६२ मध्ये बिशप रॉबर्ट लाउथने आपल्या व्याकरणात ही ठेवण बोलण्यात रूढ आहे असं लिहिलं आणि गंभीर लेखनासाठी दुसरी सुचवली. पुढे शाळांनी त्याची बंदी करून टाकली. 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट?' हेच सहज इंग्रजी. चूक तेव्हा होते जेव्हा तो शब्द दोनदा येतो ('द हाउस इन व्हिच ही लिव्ह्ज इन') किंवा हवा असताना गळतो ('अ चेअर टू सिट', खरं 'टू सिट ऑन'). गळण्याचं कारण पुन्हा मराठी: 'बसायला खुर्ची' यात 'वर' लागतच नाही.

अँड-बटने वाक्य सुरू करणंही चालतं. चालत नाही ते 'हाउएव्हर' नुसत्या स्वल्पविरामांत अडकवून दोन वाक्यं जोडणं. हाउएव्हर आणि देअरफोर हे सांधे नाहीत. त्यांच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम, नंतर स्वल्पविराम.

मुद्रितशोधक

'लुकिंग ॲट'वरून उच्चाराचं सांगतो, कारण ते पुस्तकात सापडत नाही. हे शब्द बोलताना जवळजवळ गिळले जातात: अँडचं 'अन्', फॉरचं 'फर', ॲटचं 'अट्'. आपण प्रत्येकावर सारखा जोर देतो, त्यामुळे महत्त्वाचं नाम दबतं. पण शब्द वाक्याच्या शेवटी आला की पूर्ण उच्चार परत येतो: 'लुक अट् मी', पण 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट?'

दुसरं, 'बँक ऑफ महाराष्ट्र'मधला ऑफ आणि 'स्विच ऑफ'मधला ऑफ देवनागरीत सारखे लिहितो म्हणून सारखे बोलतो. पहिल्याचा शेवट 'व्ह'सारखा, दुसऱ्याचा 'फ'.

बारावी_कॉमर्स

वाखू (वाचनखूण) साठवली. शेवटचं: 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' की 'मीटिंग यू'?

आडवातिडवा

मीटिंग. तो 'टू' क्रियापदाचा नाही, प्रिपोझिशनचा आहे. ओळखायचं असं: त्या जागी नाम घालून बघ. 'लुकिंग फॉरवर्ड टू द हॉलिडे' बसतं, म्हणून क्रियापदालाही 'इंग' लावून नाम करावं लागतं. 'आय वॉन्ट टू द हॉलिडे' बसत नाही, म्हणून तिथे 'टू मीट'. 'यूज्ड टू'मध्ये दोन्ही प्रकार सापडतील: 'आय यूज्ड टू गेट अप अर्ली' म्हणजे पूर्वी उठायचो, 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली' म्हणजे उठायची सवय आहे. ऑब्जेक्ट टू, डेव्होटेड टू, कमिटेड टू, विथ अ व्ह्यू टू, या सगळ्यांमागे 'इंग'.